पळसाच्या पानांचा मिलिंद

प्रिय इरा आणि ओजस,

गेल्या रविवारी इराने फोनवर विचारलं, आजी, शब्दाचा अर्थ असतो कुठे? तिला कॉलेजात त्यावर निबंध लिहायचा आहे. एक सर म्हणतात, जगात एखादी वस्तू असते, शब्द आपल्याला तिच्याकडे घेऊन जातो, म्हणून त्याला अर्थ असतो. दुसरे म्हणतात, वस्तू असो वा नसो, माणसं शब्द वापरतात आणि त्या वापरातच अर्थ असतो. तुला काय वाटतं? मी म्हटलं, विचार करून सांगते. माझं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. जिने विचारला आणि जिला तो फार महागात पडला, अशी एकच बाई मला माहीत होती. त्या या पावसाळ्यात गेल्या. त्यांना ओळखणारी माणसं इंदुरात आता थोडीच उरली आहेत आणि माझंही वय झालं आहे, तेव्हा सांगायचं ते आत्ताच सांगते. मराठी अडलं तर आईला विचारा. इंग्रजीत लिहायला बसले होते, पण ही बाई इंग्रजीत बसेना.

त्यांचं नाव शकुंतला मुळ्ये. आमच्या मुलींच्या कॉलेजात त्या तर्कशास्त्र शिकवायच्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, म्हणून मी त्यांना शकूताई म्हणायचे. उंच, हाडापेराने दणकट, आवाज खर्जातला. खांद्याला एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात रोज काहीतरी वेगळं. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरायच्या, पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "ये क्या है?" मुली म्हणायच्या, ताला. मग त्या कुलूप पुन्हा पिशवीत टाकायच्या. "और पूरी दुनिया में एक भी ताला ना हो, तो ‘ताला’ क्या है?" मुली एकमेकींकडे पाहायच्या. "मुँह की हवा," असं म्हणून त्या फळ्याकडे वळायच्या.

शब्द म्हणजे दोरी, असं त्यांचं म्हणणं. एक टोक आपल्या तोंडात, दुसरं कशाला तरी बांधलेलं. बांधलेलं नसेल तर शब्द नाही, नुसता आवाज. हे त्या फक्त वर्गात म्हणायच्या असं नाही, तशाच जगायच्या. राजवाड्याजवळच्या भाजीवाल्याने एकदा काकडी एकदम ताजी आहे असं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "ताजी किसको बोलते हो भिया? दिखाओ." पुढेपुढे तो माणूस त्यांना लांबून येताना पाहिलं की एक काकडी मोडून हातात धरायचा. "लो मैडमजी, देख लो. मैं कुछ बोल ही नहीं रहा." घरी त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, चहा पिताना म्हणायचे की लोक असं म्हणतात. लगेच प्रश्न यायचा, कोण लोक? नावं सांगा. नाना बँकेत होते, मवाळ माणूस. मला म्हणायचे, "आमच्याकडे गप्पा मारायच्या म्हणजे कोर्टात साक्ष द्यायची."

त्यांना हरवणारा एकच जण होता, त्यांचा मुलगा मिलिंद. लहान असताना तो म्हणाला, आई, तू सगळं दाखवतेस ना, मग ‘उद्या’ दाखव. शकूताईंनी त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून गच्चीत नेलं आणि म्हणाल्या, हा बघ. तो डोळे चोळत म्हणाला, हा तर आज आहे. ही गोष्ट त्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगायच्या की आम्हाला पाठ झाली होती, पण सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की कोणी अडवत नसे.

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं होतं की मैडम, मेरी दादी नहीं रहीं, तो ‘दादी’ भी हवा हो गया क्या? शकूताईंनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, नाही. त्या होत्या. दोरी मागे जाते, पण बांधलेली आहे. जे कधी होतं, त्याचं नाव खोटं पडत नाही. त्या मुलीचं समाधान झालं. शकूताईंचंही झालं होतं, असं मला वाटतं. त्या वेळी त्यांना दोनच प्रकार ठाऊक होते: जे आहे ते आणि जे होतं ते.

मिलिंद इंजिनियर झाला, पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला. सव्वीस वर्षांचा होता. एका सकाळी डबा घेऊन नेहमीसारखा निघाला आणि कारखान्यात पोचला नाही. त्याची मोटरसायकल स्टेशनच्या स्टँडवर सापडली. कुलूप लावलेलं, डबा हँडलला अडकवलेला. भांडण नव्हतं, प्रेमप्रकरण नव्हतं, आजार नव्हता. निदान कोणाला माहीत असलेलं यातलं काही नव्हतं. फोन बंद. त्यानंतर काही नाही. मुलांनो, तुम्ही विचाराल की मग कळलं काय. काही कळलं नाही. आजपर्यंत नाही.

तक्रार द्यायला मी शकूताई आणि नानांबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. हवालदार लिहिता लिहिता मोठ्याने बोलत होता, रंग गेहुँआ, कद मझोला, चेहरा गोल, आसमानी शर्ट. शकूताई म्हणाल्या, "इसमें मेरा लड़का कहाँ है? ये तो आधा इंदौर है."

"माताजी, हुलिया तो ऐसा ही लिखते हैं."

"हुलिया हज़ारों पे बैठता है. नाम एक पे बैठता है. नाम बड़ा लिखो."

हवालदाराने मान वर केली. माणूस वाईट नव्हता. "नाम से लाश थोड़ी पहचानते हैं, माताजी," तो म्हणाला.

तो शब्द त्या घरासाठी पहिल्यांदा तेव्हा उच्चारला गेला. नानांनी माझा हात धरला.  

मग फोन येऊ लागले. देवासहून, महूहून, रतलामच्या रेल्वे पोलिसांकडून. हुलिया मिल रहा है, आ के देख लो. दोघं जायचे. नाना बाहेर बाकावर बसायचे, शकूताई आत जायच्या. आत किती वेळ लागायचा, ते नानांनाच ठाऊक. बाहेर येऊन त्या म्हणायच्या, "नाही." परतीच्या वाटेवर आनंद मानायचा की नाही, हे दोघांनाही कळत नसे. एकदा नाना गाडीत हसले, सुटल्यासारखे, आणि लगेच शरमले. शकूताई म्हणाल्या, "कुणाचा तरी आहे तो." त्यानंतर त्या आत पाहिलेल्या प्रत्येक मुलासाठी थोडा वेळ थांबू लागल्या. उशीर का झाला असं नानांनी विचारलं, तर म्हणायच्या, "त्याला कोणीतरी नीट पाहायला नको का?"

हळूहळू लोक ‘मिलिंद होता’ असं बोलू लागले. मुद्दाम नव्हे, तोंडातून निघून जायचं. शकूताई प्रत्येकाला थांबवायच्या. पण ‘आहे’ म्हणतानाही त्यांचाच आवाज अडायचा. एका दुपारी कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांपाशी आम्ही रिक्षाची वाट पाहत उभ्या होतो. त्या एकाएकी म्हणाल्या, "दोरी ओढली की जड लागते, विमल. पलीकडे काहीतरी आहे असंच वाटतं. पण माझ्या हाताचंच वजन असेल तर?" रिक्षा आली आणि आम्ही बसलो. 

काही वर्षांनी खंडव्याकडच्या एका आश्रमातून फोन आला. रस्त्यावर सापडलेल्या, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसांना तिथे सांभाळत. ते म्हणाले, आपका मिलिंद हमारे पास है, नाम खुद बताता है. आम्ही माझ्या गाडीने गेलो. नानांनी रात्रीच खोबऱ्याच्या वड्या करून घेतल्या होत्या. मिलिंदला आवडायच्या. सिमरोळच्या घाटात गाडी हेलकावे खात होती आणि नाना मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

तो माणूस लिंबाखाली ओट्यावर बसला होता. डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचा सदरा. एवढ्या वर्षांनी माणूस काय दिसेल, कोण सांगणार? नाना म्हणाले, "हाच आहे गं. कपाळ बघ." शकूताई दोन पावलांवर थांबल्या आणि त्यांनी हाक मारली, "मिलिंद."

त्याने मान वळवली. "हाँ," म्हणाला.

नाना पुढे झाले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला. रडत होते. शकूताई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी पुन्हा हाक मारली, तशाच आवाजात. "सुरेश."

"हाँ," तो म्हणाला.

"अब्दुल."

"हाँ."

"पुरे कर," नाना म्हणाले. "शकू, पुरे कर."

आश्रमातला कार्यकर्ता ओशाळून म्हणाला की हो, तो सगळ्यालाच हाँ म्हणतो, पण मिलिंद त्याने आपणहून सांगितलं होतं. कदाचित तिथे त्या नावाचं दुसरं कोणी असेल. नानांनी डबा उघडून त्या माणसाला एकेक करत सगळ्या वड्या भरवल्या. तो नीट चावून खात होता. मग आम्ही परत निघालो. बडवाह गाव मागे पडल्यावर शकूताई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "दुसरं नाव मी का घेतलं, विमल? एकावर थांबायला हवं होतं. निदान आजचा दिवस."

पुढे नानांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मिलिंदला जाऊन तोवर बारा वर्षं होत आली होती आणि नानांच्या मनात एकच गोष्ट बसली. आपल्याकडे हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचं नाव देतात आणि त्या पुतळ्याला अग्नी देऊन सगळे दिवस करतात. याला पालाशविधी म्हणतात. नानांना तो करायचा होता, आणि स्वतः जायच्या आधी करायचा होता. शकूताई ऐकायला तयार नव्हत्या. त्या घरात आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

"तो जिवंत असेल तर? जिवंत पोराचे दिवस घालणार तुम्ही?"

"आणि नसेल तर?" नाना म्हणाले. "बारा वर्षं तो पाण्यावाचून फिरतोय, असं असेल तर? माझ्यामागे कोण देणार त्याला पाणी? तू देणार? तुझा तर विश्वासच नाही."

"पानांना मिलिंद म्हणायचं? ती पानं आहेत हो."

"तूच सांगतेस ना, शब्दाला वस्तू लागते म्हणून? बारा वर्षं नुसता शब्द आहे घरात. मला आता वस्तू दे. कसलीही दे."

यावर त्या उठून आत गेल्या. पण नानांकडे दिवस थोडे होते, हे त्यांनाही दिसत होतं.

बडा गणपतीच्या देवळाकडचे एक गुरुजी घरी आले. पोक्त, कमी बोलणारे. त्यांनी विधी समजावला. डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या, अंग पळसाचं, लोकरीच्या धाग्याने बांधलेलं. शकूताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "आणि हे सगळं झाल्यावर तो परत आला तर?"

गुरुजींनी पंचांगावरून हात फिरवला. हा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारत नसावं. मग म्हणाले, "त्याचीही तरतूद आहे, ताई. त्याला तुपाच्या कुंडात बसवून बाहेर काढायचं. म्हणजे तो नव्याने जन्मला. मग जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा. बारसं पण."

"म्हणजे नाव पुन्हा ठेवायचं."

"हो. तेच ठेवलं तरी चालतं."

"म्हणजे हे ज्यांनी लिहिलं, त्यांनाही माहीत नव्हतं, तो गेला की नाही ते."

"माहीत असतं तर पुतळा कशाला केला असता?" गुरुजी म्हणाले.

शकूताई नानांकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हाताला सुया टोचून टोचून काळंनिळं झालं होतं. "करा," त्या म्हणाल्या.

आम्ही नर्मदेवर खेडीघाटाला गेलो. नानांना खुर्चीत बसवूनच घाट उतरवावा लागला. शकूताईंनी आधीच सांगितलं होतं की मी येईन, पण बघणार नाही. त्या घाटाच्या वरच्या पायरीवर पाठ करून बसल्या. खाली गुरुजींनी दर्भ पसरले, पळसाचे देठ मांडले, पानं लावायला घेतली. पाण्यावरून वारा येत होता आणि पानं हलत होती, म्हणून ते मधूनमधून हाताने दाबून धरत होते. बराच वेळ गेला. केव्हातरी शकूताईंनी मान वळवली असावी, कारण वरून त्यांचा आवाज आला.

"उंच झालाय."

गुरुजींनी वर पाहिलं.

"तो एवढा उंच नाही. नानांच्या कानापर्यंत येतो." त्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि पुतळ्याशेजारी बसल्या. गुरुजींनी पायांकडचे देठ काढून घेतले. "आणि खांदे भरलेले आहेत त्याचे. अजून पानं लावा इथे. अशी नाही, द्या, मी लावते." गुरुजींनी पानांची जुडी त्यांच्या हातात दिली. हे रीतीत बसतं की नाही, मला माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. शकूताई एकेक पान निवडून लावत होत्या, लांबून बघत होत्या, पुन्हा सारखं करत होत्या. जन्मभर वस्तूकडे बोट दाखवून शब्द शिकवणारी बाई तिथे शब्दाला बेतून वस्तू तयार करत होती. नाना खुर्चीत बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर बारा वर्षांत नव्हतं असं काहीतरी होतं, त्याला काय म्हणावं ते मला सांगता येत नाही.

गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा नानांनी शकूताईंकडे पाहिलं. शकूताईंनी सांगितलं, "मिलिंद." स्पष्ट. मग नानांच्या हाताला धरून त्यांनी अग्नी दिला. पानंच ती, आधी वाळवलेली. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी संपलं.

नाना त्याच हिवाळ्यात गेले, शांतपणे गेले. सगळ्यांना वाटलं, वाईट झालं पण निदान शकूताई आता मोकळ्या झाल्या. विधी झाला, प्रश्न मिटला. त्या बोलेनाशा झाल्या, तर लोक म्हणाले दुःख आहे, जाईल. बाजारातही त्या भाजीवाला देईल ती काकडी घेऊ लागल्या. तो मला एकदा म्हणाला, "मैडमजी अब कुछ पूछती नहीं. मेरे को अच्छा नहीं लग रहा."

मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते या मे महिन्यात. भर दुपारी गेले होते. जिन्यातच कढत्या लोण्याचा वास आला. स्वयंपाकघरात पंखा बंद, मोठी कढई गॅसवर, शकूताईंचा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. मिलिंदच्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर, खाटेखाली, त्याच्या पुस्तकांच्या शेल्फवर पत्र्याचे डबे. एकटी राहणारी बाई, मधुमेह असलेली. मी विचारलं, एवढं तूप कोणासाठी?

"गुरुजी म्हणाले होते ना," त्या म्हणाल्या. "कुंड भरायचंय. माणूस मावेल एवढं तूप एका दिवसात कुठून आणायचं? तो दारात येऊन उभा राहायचा आणि मी दूधवाल्याला फोन करत बसायची."

मी खाली बसले. म्हटलं, शकूताई, तुम्हाला खरंच वाटतं तो येईल?

त्यांनी झारा कढईच्या काठावर ठेवला. आवाज जुना होता, वर्गातला. "वाटण्याचा प्रश्न नाही, विमल. त्याचं नाव मी माझ्या हाताने पानांना दिलं आणि जाळलं. तो जिवंत असेल तर या क्षणी तो कुठेतरी बिननावाचा फिरतोय, आणि ते मी केलंय. नानांसाठी केलं, पण केलं मीच. आता तो आला तर मी त्याला कोणत्या तोंडाने हाक मारू? आधी तूप पाहिजे. मग नाव." मग कढईकडे पाहून म्हणाल्या, "जरा ढवळ गं, बेरी लागेल खाली. माझा हात भरून आलाय."

मी ढवळायला घेतलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून खोलीतल्या डब्यांकडे पाहत होत्या, अंदाज घेतल्यासारख्या.

पावसाळ्यात त्या झोपेत गेल्या. पुण्याहून त्यांचा भाचा आला, चांगला मुलगा, सुटी काढून आला होता. त्याने घर रिकामं केलं. डब्यांचं काय करावं ते त्याला कळेना. देवळात देऊ का असं त्याने मला विचारलं. मी नको म्हटलं आणि टेम्पो बोलावून सगळे आमच्याकडे आणले.

मिलिंदचा अजून काही पत्ता नाही. डबे तुमच्या आईच्या जुन्या खोलीत आहेत, ऊन लागणार नाही असे. काल एक उघडून पाहिला. तूप चांगलं आहे.

तुमची,
आजी